विधानसभेचा ठराव नसेल तर संसद वेगळं राज्य करू शकते का?

प्रश्न असा आहे: महाराष्ट्र विधिमंडळाने विदर्भाच्या बाजूने ठराव केला नाही, तर संसदेला वेगळं राज्य करता येतं का? आणि त्यासाठी दोन तृतीयांश बहुमत लागतं का? डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की नागपुरात हा प्रश्न हमखास निघतो. उत्तरं दोन्ही बाजूंनी ठामपणे दिली जातात आणि बहुतेक वेळा दोन्हीही चुकीची असतात.

सरळ उत्तर: ठराव लागत नाही आणि दोन तृतीयांश बहुमतही लागत नाही. दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं. पण ते मतदान घ्यायचं की नाही हे ना विधानसभा ठरवते ना खासदार. ते केंद्रीय मंत्रिमंडळ ठरवतं. वेगळं राज्य व्हावं की नको हा राजकारणाचा वाद आहे, त्यात इथे शिरत नाही. असा कायदा होतो कसा आणि कुठे अडतो, एवढंच सांगतो.

संविधानाचा अनुच्छेद ३ संसदेला नवं राज्य निर्माण करण्याचा, राज्याचं क्षेत्र वाढवण्याचा किंवा घटवण्याचा, सीमा आणि नाव बदलण्याचा अधिकार देतो. त्याला एक परंतुक (म्हणजे अटी घालणारं पुरवणी वाक्य) जोडलेलं आहे आणि खरा मामला त्या परंतुकात आहे. त्यात दोन अटी आहेत. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय असं विधेयक कुठल्याही सभागृहात मांडताच येत नाही, ही पहिली. ज्या राज्याचं क्षेत्र, सीमा किंवा नाव बदलणार असेल त्याच्या विधिमंडळाकडे राष्ट्रपतींनी विधेयक अभिप्रायासाठी पाठवलेलं असलं पाहिजे आणि त्यासाठी दिलेली मुदत संपलेली असली पाहिजे, ही दुसरी. परंतुकात शब्द आहे तो अभिप्रायाचा, संमतीचा नव्हे.

दोन तृतीयांशाचा गैरसमज येतो तो असा: राज्य निर्माण झालं की संविधानाची पहिली अनुसूची (राज्यांची यादी) आणि चौथी अनुसूची (राज्यसभेच्या जागा) बदलावी लागते. मग ही घटनादुरुस्तीच झाली की, असं कुणालाही वाटेल. अनुच्छेद ४ नेमकं हेच निकाली काढतो. असा कायदा या दोन अनुसूच्या बदलू शकतो, त्यासोबत लागणाऱ्या पूरक आणि आनुषंगिक तरतुदी करू शकतो, आणि हे सगळं अनुच्छेद ३६८ खालची घटनादुरुस्ती मानलं जात नाही. फरक लख्ख दिसतो तो ओडिशाच्या उदाहरणात. २०११ मध्ये राज्याचं नाव ओरिसाचं ओडिशा झालं ते अनुच्छेद ३ खालच्या साध्या कायद्याने. त्याच वेळी आठव्या अनुसूचीतल्या (भाषांच्या यादीतल्या) भाषेचं नाव उडियाचं ओडिया करायचं होतं, तर त्यासाठी ९६वी घटनादुरुस्ती करावी लागली, विशेष बहुमतासह.

अभिप्रायाच्या अटीचा इतिहास आपल्याच भागाशी जोडलेला आहे. मूळ संविधानात अभिप्राय देण्याला मुदतच नव्हती. एखादं विधिमंडळ गप्प बसून राहिलं तर काम अडून बसण्याची भीती होती. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला (विदर्भाचं वेगळं राज्य करा, असं त्यात सुचवलं होतं) आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पाचवी घटनादुरुस्ती करून मुदत ठरवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला गेला. पुढे १९५६ चं राज्य पुनर्रचना विधेयक राज्यांकडे पाठवलं तेव्हा त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन वेगळे घटक होते. संसदेतून बाहेर पडलं तेव्हा त्याचं एकच द्वैभाषिक मुंबई राज्य झालेलं होतं. बाबुलाल पराते यांनी त्याला आव्हान दिलं. मुद्दा असा होता की विधिमंडळाने एका मसुद्यावर अभिप्राय दिला आणि कायदा दुसराच झाला, तर तो पुन्हा पाठवायला नको का? सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितलं की नको. विधेयक एकदा पाठवलं की अट पुरी झाली. त्यानंतर संसदेत ज्या सुधारणा होतील, त्या मूळ विषयाला धरून असतील तर प्रत्येक सुधारणेसाठी परत पाठवण्याची गरज नाही, आणि आलेला अभिप्राय संसदेवर बंधनकारकही नाही. आजही कुठल्याही राज्य पुनर्रचनेच्या खटल्यात सरकारी वकिलांच्या फायलीत पहिला निकाल हाच असतो.

आता राष्ट्रपतींच्या शिफारशीकडे येऊ, कारण गाडी अडते ती इथेच. राष्ट्रपती ही शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात. म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारने ठरवल्याशिवाय विधेयक जन्मालाच येत नाही. ‘आमच्या खासदाराने खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक) आणावं’ ही मागणी सभांमधून नेहमी होते. खासगी विधेयकं आणि ठराव यांच्यासाठी लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखीव असतात. स्वातंत्र्यानंतर फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. पण अनुच्छेद ३ च्या बाबतीत हा हिशेबही लागू नाही, कारण शिफारस नसेल तर मांडण्याचीच परवानगी मिळत नाही. खासगी ठराव मांडता येतो, त्यावर चर्चा होऊ शकते, तो मंजूरही होऊ शकतो; पण ठराव म्हणजे सभागृहाचं मत, त्यातून सीमारेषा हलत नाही. विधानसभेच्या ठरावाचंही तसंच. उत्तर प्रदेश विधानसभेने नोव्हेंबर २०११ मध्ये राज्याचे चार भाग करण्याचा ठराव केला, पुढे काहीच घडलं नाही. उलट मध्य प्रदेश विधानसभेने १९९४ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने ठराव केला होता आणि राज्य व्हायला २००० साल उजाडलं. ठरावाने वातावरण तयार होतं, त्याचं मोल नाकारायचं कारण नाही. पण मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवल्या जाणाऱ्या मोर्चांचा कायदेशीर पत्ता नागपूरचं विधानभवन नसून दिल्लीचं गृह मंत्रालय आहे.

सरकारने ठरवलं तर क्रम काय असतो, हे तेलंगणाच्या तारखांवरून सगळ्यात नीट कळतं. ३ ऑक्टोबर २०१३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने राज्यनिर्मितीला तत्त्वतः मान्यता दिली आणि वाटणीचे प्रश्न बघायला मंत्रिगट नेमला. गृह मंत्रालयाने टिपणं केली, विधी मंत्रालयाच्या विधान विभागाने मसुदा लिहिला. ५ डिसेंबरला मंत्रिमंडळाने मसुदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींनी तो आंध्रच्या विधिमंडळाकडे पाठवला, २३ जानेवारी २०१४ पर्यंत मुदत देऊन. मुदत आणखी आठवडाभर वाढवली गेली. ३० जानेवारीला विधानसभा आणि विधान परिषद दोघांनीही विधेयक आवाजी मतदानाने फेटाळलं. ७ फेब्रुवारीला मंत्रिमंडळाने काही बदलांसह ते पुन्हा मंजूर केलं, १३ फेब्रुवारीला लोकसभेत मांडलं, १८ ला लोकसभेत आणि २० ला राज्यसभेत मंजूर झालं. १ मार्चला राष्ट्रपतींची संमती. २ जून २०१४ पासून राज्य अस्तित्वात आलं. ज्या राज्याचं विभाजन होत होतं त्याच्या दोन्ही सभागृहांनी नकार दिला होता आणि तीन आठवड्यांत संसदेचं काम संपलं, हे लक्षात घ्या. एवढी घाई का, तर १५व्या लोकसभेचं ते शेवटचं अधिवेशन होतं. लोकसभेत प्रलंबित असलेलं, किंवा लोकसभेने मंजूर करून राज्यसभेत अडकलेलं विधेयक लोकसभा विसर्जित होताच रद्द होतं. सगळा पाठवापाठवीचा खेळ पुन्हा मांडावा लागला असता.

‘विधिमंडळ’ या शब्दात महाराष्ट्राची दोन्ही सभागृहं येतात, म्हणजे मसुदा विधानसभा आणि विधान परिषद दोघांसमोर येईल. मुदत राष्ट्रपती ठरवतात. विधिमंडळ गप्प बसलं तरी मुदत संपली की रस्ता मोकळा. विधानसभाच अस्तित्वात नसेल तर? २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश केले, तेव्हा राज्यात राष्ट्रपती राजवट होती आणि विधिमंडळाचे अधिकार संसदेकडे आलेले होते, त्यामुळे अभिप्रायही संसदेनेच दिला. हा मार्ग अनेक घटनातज्ज्ञांना पटलेला नाही आणि त्यांचं म्हणणं वजनदार आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अभिप्राय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो हेच पुन्हा सांगितलं. अख्ख्या राज्याचा केंद्रशासित प्रदेश करता येतो का, हा प्रश्न मात्र खुला ठेवला.

विधिमंडळांची एक सवय मोठं नुकसान करते, म्हणून इथे थोडं थांबतो. मसुदा हातात आला की सभागृह ‘हवं’ की ‘नको’ यावर भांडतं आणि अनुसूच्या कुणी उघडतच नाही. अभिप्राय बंधनकारक नसला तरी कलमवार सूचना दिल्या तर त्या गृह मंत्रालयाला वाचाव्या लागतात, आणि वाटणीचं गुणोत्तर, पाणी, कर्ज यांत त्यातल्या काही उतरू शकतात. सरसकट फेटाळणाऱ्याचा अभिप्राय एका ओळीत नोंदवला जातो आणि बाजूला पडतो.

कारण राज्य पुनर्रचना कायद्याचा जीव पहिल्या दोन-तीन कलमांत नसतो. ‘अमुक जिल्हे मिळून अमुक राज्य होईल’ हे लिहायला अर्धं पान लागतं. आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्यात १०८ कलमं आणि १३ अनुसूच्या आहेत, आणि भांडणं सगळी तिथे आहेत. विदर्भाचा मसुदा कुणी उद्या लिहायला बसला तर त्याच्यापुढे काय येईल, ते आकड्यांनी पाहू.

विधानसभा. विदर्भात ११ जिल्हे, विधानसभेच्या ६२ आणि लोकसभेच्या १० जागा आहेत. अनुच्छेद १७० प्रमाणे विधानसभा किमान ६० जणांची हवी. म्हणजे ६२ चालतात, जेमतेम.

विधान परिषद. अनुच्छेद १७१ प्रमाणे परिषद विधानसभेच्या एक तृतीयांशापेक्षा मोठी नको आणि ४० पेक्षा लहान नको. ६२ चा तिसरा हिस्सा साधारण २०. म्हणजे विदर्भात विधान परिषद शक्यच नाही. गंमत पुढे आहे. उरलेल्या महाराष्ट्रात २८८ वजा ६२, म्हणजे २२६ आमदार राहतील आणि त्यांचा तिसरा हिस्सा होतो ७५. आजची परिषद ७८ जणांची आहे. मुंबईतल्या परिषदेलाही त्यामुळे कात्री लागेल. विदर्भाच्या बाजूने वा विरोधात बोलणाऱ्या किती जणांनी हा भागाकार केला असेल, शंकाच आहे.

‘मग जागा वाढवून घेऊ’ असं उत्तर येतं. आंध्रच्या कायद्यात कलम २६ ने आंध्रच्या जागा १७५ वरून २२५ आणि तेलंगणाच्या ११९ वरून १५३ होतील असं लिहिलं. पण त्या कलमाची सुरुवातच ‘अनुच्छेद १७० च्या अधीन राहून’ अशी आहे, आणि अनुच्छेद १७० प्रमाणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत जागांची संख्या गोठवलेली आहे. त्यामुळे कलम कायद्यात आहे आणि जागा जिथल्या तिथे आहेत. मसुदा वाचताना ‘च्या अधीन राहून’ हे शब्द दिसले की पेन्सिलीने खूण करावी. दिलेलं परत घेतलं जातं ते बहुधा तिथेच.

राज्यसभा. महाराष्ट्राच्या १९ जागा चौथ्या अनुसूचीत वाटून द्याव्या लागतील. पण सध्या बसलेले १९ खासदार कुणाचे? ते अख्ख्या विधानसभेने निवडून दिलेले असतात, त्यांना मतदारसंघ नसतो. आंध्रच्या १८ खासदारांची ११ आणि ७ अशी वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली. त्यामुळे एका राज्यात राजकारण केलेला माणूस दुसऱ्या राज्याचा प्रतिनिधी ठरू शकतो, आणि तसं झालंही.

उच्च न्यायालय. नागपूरला १९३६ ते १९५६ स्वतःचं उच्च न्यायालय होतं, आता मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. इमारत, बार, न्यायालयीन कर्मचारी सगळं असल्यामुळे हा भाग इतर ठिकाणांपेक्षा सोपा जाईल. तरी न्यायाधीशांची वाटणी, प्रलंबित प्रकरणं कुणाकडे जाणार आणि तोवर दोन्ही राज्यांना एकच न्यायालय राहणार का, हे कायद्यात लिहावंच लागतं. तेलंगणा आणि आंध्र यांचं उच्च न्यायालय १ जानेवारी २०१९ पर्यंत एकच होतं, म्हणजे वेगळं व्हायला साडेचार वर्षं लागली.

कर्ज आणि मालमत्ता. इथे पैसा आहे, म्हणून इथे सगळ्यात जास्त चुका होतात. आंध्रच्या कायद्यात लोकसंख्येचं गुणोत्तर ५८.३२ : ४१.६८ असं थेट व्याख्येतच दिलं आहे, २०११ च्या जनगणनेवरून. सार्वजनिक कर्ज या गुणोत्तराने, विशिष्ट प्रकल्पाचं कर्ज मात्र तो प्रकल्प जिथे आहे त्या राज्याकडे. सरकारी उपक्रमांचं तसंच: चालू युनिट्स जिथे आहेत तिथे, मुख्यालय लोकसंख्येच्या प्रमाणात. विदर्भाला हे लावून पाहा. राज्याच्या लोकसंख्येत विदर्भाचा वाटा सुमारे एक पंचमांश, म्हणजे सर्वसाधारण कर्जाचा तेवढा भार येणार. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही महानिर्मितीची वीज केंद्रं जागेच्या नियमाने विदर्भाकडे जातील, पण त्यांच्यासाठी काढलेली कर्जंही त्यांच्यासोबत येतील. मुंबईतलं मुख्यालय आणि तिथली गुंतवणूक यांत पाचवा हिस्सा मागता येईल, मिळवणं वेगळं. ‘मुख्यालय’ म्हणजे नक्की काय, यावरच आंध्र आणि तेलंगणा वर्षानुवर्षं झगडले. त्या कायद्याच्या नवव्या आणि दहाव्या अनुसूचीतल्या संस्थांच्या वाटपाचे वाद दहा वर्षं उलटून गेली तरी संपले नव्हते. शब्दाची व्याख्या कायद्यात नसेल, तर ती पुढे न्यायालयात किंवा दिल्लीच्या बैठकांत ठरते आणि तोवर पैसा अडकून राहतो.

पाणी. आज वैनगंगेचं किंवा पैनगंगेचं पाणी विदर्भ आणि मराठवाडा यांत कसं वाटायचं हा राज्याच्या जलसंपदा विभागाचा विषय आहे. सीमारेषा पडली की तो दोन राज्यांमधला विषय होतो आणि अनुच्छेद २६२ व १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा लागू होतो. आंध्रच्या कायद्यात त्यासाठी सर्वोच्च परिषद आणि गोदावरी, कृष्णा यांची दोन व्यवस्थापन मंडळं करावी लागली. पैनगंगा तर बऱ्याच लांबीत यवतमाळ आणि मराठवाड्याची हद्दच आहे; तिच्यावरच्या प्रकल्पांची नावं अनुसूचीत एकेक करून लिहिली नाहीत तर पुढच्या पिढीला लवाद बसवावा लागेल.

अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आहे. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, अनुच्छेद तसाच आहे. विदर्भ वेगळा झाला तर तो शब्द तिथून काढावा लागेल. त्याला घटनादुरुस्ती लागेल का? आनुषंगिक तरतूद म्हणून त्याच कायद्यात करता येतं. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने याच अनुच्छेदात बदल केला होता आणि २०१४ च्या कायद्याने ३७१घ मध्ये. नागपूर कराराचं काय, असंही विचारलं जातं. २८ सप्टेंबर १९५३ चा तो करार राजकीय नेत्यांमधला आहे, कायदा नाही. तो रद्द करण्यासाठी काही वेगळं करावं लागत नाही.

आता सभागृहात काय होतं ते. पहिला पेच असतो तो विधेयक आधी कुठे मांडायचं याचा. अनुच्छेद ३ म्हणतो की कुठल्याही सभागृहात चालेल. पण मसुद्यात कर, कर्ज किंवा संचित निधीशी संबंधित अशा काही तरतुदी असल्या की अनुच्छेद ११७(१) लागतो आणि मग विधेयक राज्यसभेत मांडता येत नाही. तेलंगणाचं विधेयक आधी राज्यसभेत आणायचं ठरलं होतं. वित्तीय तरतुदींचा मुद्दा निघाला आणि ते लोकसभेत न्यावं लागलं. जम्मू-काश्मीरचं विधेयक मात्र ५ ऑगस्ट २०१९ ला राज्यसभेतच आलं आणि १२५ विरुद्ध ६१ मतांनी मंजूर झालं. नुसता खर्च होणार असेल तर अनुच्छेद ११७(३) खाली राष्ट्रपतींची वेगळी शिफारस लागते. ती अनुच्छेद ३ च्या शिफारशीहून निराळी आहे. एकच पत्र दोन्हींना चालेल असं समजून गाफील राहिलं तर सभागृहात हरकतीचा मुद्दा उभा राहतो.

पुढचा रस्ता कुठल्याही विधेयकाचाच. मांडणं, तत्त्वावर चर्चा, कलमवार विचार आणि दुरुस्त्या, मग मंजुरीचा प्रस्ताव. समितीकडे पाठवणं सक्तीचं नाही. १९५६ चं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं होतं, तेलंगणाचं कुठल्याच समितीकडे गेलं नाही आणि त्याच्या अनुसूच्यांमधली ढिलाई बघता ते गेलं असतं तर बरं झालं असतं. गणपूर्तीला (कामकाजासाठी लागणाऱ्या किमान हजेरीला) एकूण सदस्यांच्या एक दशांश. समजा ३०० जणांनी मत दिलं, तर १५१ पुरतात. तटस्थ राहणारे मोजले जात नाहीत. कुणी आवाजी मतदानाला हरकत घेतली तर मतविभागणी होते. १८ फेब्रुवारी २०१४ ला लोकसभेत प्रचंड गोंधळात, थेट प्रक्षेपण बंद असताना, आवाजी मतदानानेच काम उरकलं. दोन सभागृहांत एकमत झालं नाही तर अनुच्छेद १०८ खाली संयुक्त बैठकीचा मार्गही खुला आहे, कारण ही घटनादुरुस्ती नाही. आजवर कुठल्याही राज्यनिर्मितीसाठी तो वापरावा लागलेला नाही.

सभागृहातल्या एका गोष्टीबद्दल मात्र सावध राहायला हवं: मंत्र्यांचं तोंडी आश्वासन. २० फेब्रुवारी २०१४ ला राज्यसभेत तेव्हाच्या पंतप्रधानांनी आंध्रला विशेष दर्जा देण्याचं सांगितलं. कायद्यात तसं कलम नव्हतं. लोकसभेने आधीच मंजूर केलेल्या विधेयकात राज्यसभेने दुरुस्ती केली असती तर ते परत लोकसभेत न्यावं लागलं असतं, आणि वेळ नव्हता. पुढे सरकार बदललं, दर्जा मिळाला नाही, आणि न्यायालयात दाखवायला कलमच नव्हतं. विदर्भाच्या सिंचनाच्या अनुशेषाबद्दल, उद्योगांच्या सवलतींबद्दल कुणी कितीही गोड बोललं तरी ते रकमेसह किंवा मुदतीसह अनुसूचीत आलं आहे का, एवढंच बघायचं.

राष्ट्रपतींची संमती आणि राजपत्रातली प्रसिद्धी झाली की कायदा झाला. राज्य मात्र त्या दिवशी होत नाही. ते ‘नियत दिवशी’ होतं आणि तो दिवस केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवू शकतं. तेलंगणात संमती आणि नियत दिवस यांत तीन महिने होते, जम्मू-काश्मीरमध्ये ९ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर. हे मधले महिने फार कामाचे असतात: अधिकाऱ्यांचं केडर वाटप, कर्मचाऱ्यांकडून पसंती मागवणं, खाती उघडणं, रेकॉर्ड वेगळं करणं. आणि धोक्याचेही असतात. तेलंगणात जाणारी खम्मम जिल्ह्यातली सात मंडलं (तालुक्यासारखे विभाग) पोलावरम धरणासाठी नियत दिवसाच्या तोंडावर अध्यादेश काढून आंध्रला दिली गेली आणि जुलै २०१४ मध्ये त्याचा कायदा झाला. नियत दिवशी ज्या सीमा धरून राज्य सुरू होईल, त्या विधेयकात छापलेल्याच असतील असं गृहीत धरू नये.

नवं राज्य सुरू होतं तेव्हा त्याच्याकडे अर्थसंकल्प नसतो. नियत दिवसापासून जास्तीत जास्त सहा महिने राज्यपालांच्या मंजुरीने खर्च चालतो, तोवर नव्या विधानसभेने मागण्या मंजूर करायच्या. जुने कायदे जसेच्या तसे लागू राहतात आणि त्यात ‘महाराष्ट्र’ असेल तिथे नवं नाव वाचण्यासाठी अनुकूलन आदेश काढतात. आंध्रच्या कायद्यात त्याला दोन वर्षं दिली होती. त्याशिवाय शेवटच्या कलमात ‘अडचणी दूर करण्याचा’ अधिकार राष्ट्रपतींकडे असतो, तिथे मुदत तीन वर्षांची. तीन वर्षांत जे सुटलं नाही त्यासाठी पुन्हा संसदेकडे जायचं.

नवी निवडणूक लगेच घ्यावी लागते का, असं शेवटी विचारलं जातं. लागत नाही. त्या भागातून निवडून आलेले आमदार नव्या विधानसभेचे सदस्य मानले जातात, म्हणजे आजचे ६२ आमदार विदर्भाची पहिली विधानसभा होतील आणि त्यांची उरलेली मुदत चालू राहील. अडतात ते विधान परिषदेचे सदस्य, विशेषतः नागपूर आणि अमरावतीच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतले चार जण. मतदारसंघ विदर्भात, आणि विदर्भात परिषदच नाही. त्यांचं काय करायचं हे कायद्याने स्पष्ट सांगावं लागतं. २००० मध्ये उत्तर प्रदेश विधान परिषदेतले डोंगरी भागाचे सदस्य उत्तरांचलच्या (आताच्या उत्तराखंडच्या) हंगामी विधानसभेत घेतले गेले, आणि नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले ते नित्यानंद स्वामी, जे तोवर त्याच विधान परिषदेचे सभापती होते.